फोटोतला स्टॉपर

मला कुणी सोशिक आई वगैरे म्हणायचं नाही, आधीच सांगून ठेवते. नवघरच्या चाळीत पंचवीस वर्षं काढलीत मी, नळावर माझ्या तोंडाला कुणी लागत नाही. जे झालं ते मी केलं. आमचे हे, राघो रेवाळे, आयुष्यभर माझ्या होला हो करत आले. तो दत्ताराम नुसता निमित्ताला धनी. डोकं माझं चाललं होतं. म्हणून मीच सांगते, दुसऱ्या कुणी सांगितलं तर तिखटमीठ लावून सांगेल.

मला दोन मुलगे. थोरला साहिल, धाकटा निकेत, मध्ये तीन वर्षांचं अंतर. साहिल झाला माझ्या माहेरी, लांज्याच्या पुढे आत, घरातच. सुईण म्हणजे माझी मावशीच. नाळ कापली, आंघोळ घातली, झालं. नोंद करायची असते हे कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही. पुढे शाळेत मास्तरांनी अंदाजाने एक तारीख टाकली, तीच त्याची तारीख. निकेत मात्र इथे भाईंदरला झाला, दवाखान्यात. त्यामुळे आमच्या घरात जन्माचा दाखला म्हणून जो काही होता तो एकच, निकेतचा. प्लास्टिक चढवून ट्रंकेत तळाला ठेवला होता.

साहिल अभ्यासात शून्य. दहावीला दोनदा बसला, दोनदा आपटला. पण बॉल मिळाला की पोरगं वेगळंच व्हायचं. आमच्या मागे तेव्हा बिल्डिंगी आल्या नव्हत्या, मोकळं रान होतं, तिथे दत्ताराम पोरांना खेळवायचा. दत्ताराम आमच्याच गावाकडचा. परळच्या एका मोठ्या कंपनीत नोकरीला आणि कंपनीच्या फुटबॉल टीमचा ट्रेनर. त्याने साहिलला स्टॉपर केलं. स्टॉपर म्हणजे गोलकीपरच्या पुढे उभा राहतो तो. समोरून येईल त्याला अडवायचं, बस. मी म्हटलं, "हे काय मेलं काम, नुसतं अडवायचं? गोल मारायला शिकवा ना त्याला." दत्ताराम म्हणाला, "वहिनी, गोल मारणारे गल्लोगल्ली मिळतात. अडवणारा मिळत नाही."

दोन हजार सालच्या दिवाळीनंतर तो घरी आला. म्हणाला, सोळा वर्षांखालच्या मुंबईच्या टीमची निवड आहे, साहिलला उतरवूया.

"अहो, त्याला अठरावं लागलं."

"कागदावर किती लागलंय ते सांगा. शाळेचा दाखला आता चालत नाही, जन्माचा लागतो, ओरिजिनल."

मी ट्रंक उघडली. हे कोपऱ्यात खोकत बसले होते. ते म्हणाले, "अगो, त्याच्यावर निकेतचं नाव आहे."

"असू दे. बॉल काय नाव विचारून पायाला लागतो?"

दत्ताराम हसला. म्हणाला, "सगळेच करतात हो हे. नाहीतर आपल्या पोरांना विचारतंय कोण."

माझ्या डोक्यात तेव्हा एकच होतं. आमच्या ह्यांनी वीस वर्षं स्टीलच्या भांड्यांना पॉलिश मारलं. गाळ्यात इतकी भुकटी उडायची की घरी आल्यावर रुमालात काळं पडायचं. वीस वर्षांत एक दिवस परमनंट झाले नाहीत. मालकाने गाळा विकला आणि एका शनिवारी सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. आणि दत्ताराम सांगत होता की पोरगा नीट खेळला तर कंपनी टीममध्ये घेते आणि टीममधल्या पोरांना पुढे परमनंट करते. मला फुटबॉल कळत नव्हता, परमनंट कळत होतं.

तेव्हापासून घरात तो साहिल आणि मैदानावर निकेत. खरा निकेत त्याच दाखल्यावर कॉलेजला गेला, हा त्याच दाखल्यावर खेळायला. एका दाखल्यावर दोघांनी संसार मांडला म्हणा ना. फॉर्म भरायचे असले की निकेतच भरायचा, सही पण तोच ठोकायचा, कारण त्याचं अक्षर मोत्यासारखं आणि साहिलची सही म्हणजे कोंबडीचे पाय. मला वाटायचं, काय भावाभावांचं जमलंय! दृष्ट लागू नये म्हणून मी मीठमोहऱ्या ओवाळायची दोघांवरून.

दोन हजार तीनला कंपनीने त्याला काँट्रॅक्टवर घेतलं. चार सीझन खेळला माझा मुलगा. मुंबईची मोठी लीग खेळला, मग नॅशनलच्या दुसऱ्या डिव्हिजनला गोव्याला जाऊन आला, कलकत्त्याला जाऊन आला. एकाच भुवईवर तीनदा टाके पडले. पायाच्या अंगठ्यांची नखं कायमची काळी. कुणाचं तरी कोपर लागून पुढचा दात अर्धा गेला, तर म्हणतो, "आई, पण तो माणूस गोलपर्यंत पोचला नाही." एवढ्यावर खूश! कूपरेजच्या मैदानावर मी एकदाच गेले. माझ्या लेकराच्या अंगावर ती धिप्पाड माणसं धावून येत होती आणि हा जागचा हलत नव्हता. मी पदर तोंडात धरून बसले होते. सगळे ओरडत होते, "निकेत, धर! निकेत, सोडू नको!" मॅच संपल्यावर चिखलाने भरलेला माझ्यासमोर येऊन उभा राहिला. म्हणाला, "कशी वाटली?" मी म्हटलं, "शर्ट कोण धुणार?" मेली माझी जीभ! कौतुक कधी म्हणून केलं नाही.

पेपरात नाव यायचं ते गोल मारणाऱ्याचं. अडवणाऱ्याचं यायचं ते गोल बसला तरच. तरी चार वर्षांत तीनदा ह्याचा फोटो आला. खाली नाव निकेत रेवाळे. ती कात्रणं त्याने फाईलला लावून ठेवली होती. एकदा मला म्हणाला, "आई, बक्षिसावर नाव वाचतात ना तेव्हा कसंतरीच होतं गं." मी म्हटलं, "बक्षीस आपल्याच घरात येतं ना? मग झालं तर."

दोन हजार सातच्या जानेवारीत एका शुक्रवारी प्रॅक्टिसला त्याचा उजवा गुडघा फिरला. रविवारी सेमीफायनल होती. दत्तारामने मांडीच्या खाली एक सुई मारून घ्यायला लावली आणि उतरवलं. नव्वद मिनिटं खेळला. दुखलंच नाही म्हणे. संध्याकाळी दोघांनी धरून आणला तेव्हा गुडघा नारळाएवढा झाला होता. डॉक्टरने फोटो लावून दाखवला. म्हणाला, आतली दोरी पूर्ण तुटली आहे. ऑपरेशन करा, सहा-आठ महिन्यांत पळेल. नाही केलं तर असाच लंगडणार आणि दर वर्षी वाढत जाणार.

ऑपरेशनचा आकडा ऐकून आमच्या ह्यांना खोकल्याची उबळ आली. कंपनीने हात वर केले, काँट्रॅक्टवाल्यांना दवाखान्याचं काही मिळत नाही. दत्ताराम आला, चहा घेतला नाही, खाली बघून बोलला. "यंदा चौघांना परमनंट करतायत. त्याचं नाव यादीत आहे, मी टाकलंय. एकदा परमनंट झाला की कंपनीच ऑपरेशन करेल, बिनबोभाट. पण त्याच्या आधी मेडिकल असते, वहिनी. डॉक्टर वाकवून बघतो."

म्हणजे गुडघा बरा करायला नोकरी पाहिजे आणि नोकरी लागायला गुडघा बरा पाहिजे. वर्षभर ते यादीचं रखडलं तेवढा वेळ मी हेच घोळवत होते. कांदा चिरता चिरता, कपडे वाळत घालता घालता. आणि मेडिकलचं पत्र आलं त्या दिवशी मीच बोलले, दत्ताराम नाही.

"दाखला निकेतचा, नाव निकेतचं, सही निकेतची. मग गुडघा पण निकेतचाच दाखवू की!"

काय अक्कल चालली माझी! दत्तारामने मांडीवर थाप मारली. हे हसले. साहिलसुद्धा हसला, कित्येक महिन्यांनी. निकेत तेवढा म्हणाला, "आई, पकडलं तर?" मी म्हटलं, "एका दिवसाचं काम आहे. तुझ्या नावाने भाऊ एवढं खेळला, तू त्याच्यासाठी दोन उठाबशा काढ."

दोन हजार आठच्या जूनमध्ये निकेत मेडिकलला गेला. मोबाईलच्या दुकानात उभा राहणारा पोरगा, पण पाय धडधाकट. मशीनच्या पट्ट्यावर पळाला, बसला, उठला, डॉक्टरने गुडघ्यावर हातोडी मारून बघितली. पास. आणि मग एका खोलीत नेऊन त्याचा फोटो काढला, दोन्ही अंगठे मशीनवर लावून घेतले. तो काय बोलणार? घरी येऊन सांगितलं तेव्हा मी पोळ्या लाटत होते. मी लाटतच राहिले. म्हटलं, दत्ताराम करेल काहीतरी.

हजर व्हायचा दिवस सोमवार. साहिल पहाटे उठला, आंघोळ केली, निळा शर्ट स्वतः इस्त्री केला. कोपऱ्यातल्या आरशासमोर उभं राहून भांग पाडत होता. सात वाजता दत्ताराम आला तो घामाघूम.

"ऑफिसात अंगठ्याचं मशीन बसवलंय. पूर्वी असं नव्हतं हो. साहिल गेला तर उभ्या उभ्या पकडला जाईल, आणि त्याच्यामागून मी."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती. मग हे बोलले, खोकल्यातून, "दारात आलेलं परमनंट परत पाठवायचं?"

निकेत म्हणाला, "मी नाही जाणार. दादाची नोकरी आहे ती." खरंच म्हणाला, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. वाईट पोरगा नाही माझा. पण म्हणाला आणि माझ्याकडे बघायला लागला. सगळेच माझ्याकडे बघायला लागले. साहिल पण.

मी म्हटलं, "निकेत, पँट घाल."

निकेतचा एक शर्ट धड इस्त्रीचा नव्हता. साहिलने अंगातला निळा शर्ट काढला, बटणं उघडीच होती, त्याच्या हातात दिला. "हा घाल," म्हणाला. मग बनियनवर दारात जाऊन उभा राहिला आणि दोघं गल्लीच्या टोकापर्यंत जाईस्तोवर तिथेच होता. त्या दिवशी माझा मुलगा फुटबॉलमधून गेला. पेपरात कुठे आलं नाही.

दत्तारामने निकेतला टीममधून वगळून ऑफिसातच बसवला, तिथे साहिलला ओळखणारं कुणी नव्हतं. आम्ही एकमेकांना सांगत होतो, थोडे दिवस, कंपनीचं दवाखान्याचं कार्ड हातात येऊ दे, मग ऑपरेशनचं बघू. कार्ड आलं. त्यात आई-बाप बसतात, बायको बसते, मुलं बसतात. भाऊ बसत नाही. निकेतच्या नावावर साहिलला झोपवावं म्हटलं तर दवाखान्यात पण फोटो आणि अंगठा. दत्ताराम फोन उचलेनासा झाला. आमच्या ह्यांना पंप मिळाला दम्याचा, त्या कार्डावर. माझ्या डोळ्यातला मोतीबिंदू निघाला, त्या कार्डावर. साहिलच मला घेऊन गेला होता, लंगडत. बाहेर बाकड्यावर बसून राहिला चार तास.

वर्षभरात निकेतचं लग्न झालं. मिनल आली, चांगली आहे पोर, सासूला उलट बोलत नाही. तिला दिवस गेले. निकेत पहिल्या पहिल्यांदा पगार झाला की साहिलसमोर मान वर करत नव्हता. मग हळूहळू करायला लागला. माणूस सवयीचा गुलाम, त्याला तरी काय बोलू?

साहिल बेव्हर्ली पार्कला एका बिल्डिंगीत वॉचमन लागला. सत्तावीस वर्षांचा, खाकी शर्ट, शिट्टी. रविवारी सोसायटीची पोरं खाली बॉल घेऊन यायची, त्यांना हा शिकवायला लागला. पळता येत नव्हतं, पण उभं राहून सांगायचा, कुठे थांबायचं, पाय कधी घालायचा, बॉलकडे नाही तर समोरच्याच्या कमरेकडे कसं बघायचं. घरी आला की मला सांगायचा, आज अमुक पोरगा असा अडला, तमक्याने असं केलं. त्याचा आवाज परत पूर्वीसारखा व्हायचा. मी भाजी ढवळत हूं हूं करायची.

त्याच बिल्डिंगीत एका नव्या शाळेच्या मोठ्या बाई राहायच्या. त्यांनी दोन-तीन महिने गॅलरीतून हे बघितलं आणि एक दिवस गेटवर येऊन विचारलं, आमच्या शाळेत खेळाचा सर म्हणून येशील का? साहिलने फाईल नेऊन दाखवली. बाई हुशार. म्हणाल्या, "फोटो तुझा वाटतो, नाव वेगळं आहे." हा म्हणाला, "निकेत माझं घरातलं नाव आहे, मॅडम." बाई म्हणाल्या, "ठीक आहे, पण ट्रस्टींना कागद लागतो. आईला घेऊन ये. फोटोतला मुलगा तूच आहेस एवढं त्यांनी सही करून द्यावं."

त्याच सुमाराला निकेत एक दिवस कामावरून आला तो पांढराफटक. कंपनीत खेळाडू म्हणून खोटे लागलेले शोधताहेत. दोघांना घरी बसवलं, एकावर पोलीस केस. मिनलला सातवा चालू होता, तिच्यासमोर काही बोलायची सोय नाही. संडासाला जातो सांगून बाहेर जाऊन रडला.

आणि त्याच आठवड्यात साहिल माझ्याजवळ येऊन बसला. मी तांदूळ निवडत होते. "आई, कागद शाळेतच राहणार आहे. कंपनीशी त्याचा काही संबंध नाही. फक्त एवढंच, की फोटोतला मी आहे." आयुष्यात त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. बूटसुद्धा दुसऱ्याचे घातले त्याने. मी म्हटलं, "देईन की. का नाही देणार? मी काय आंधळी आहे, माझा मुलगा ओळखायला?" निकेतला सांगितलं नाही, कुणालाच सांगितलं नाही. चांगली साडी नेसले आणि रिक्षाने आम्ही दोघं गेलो.

शाळा नवी कोरी, रंगाचा वास येत होता. बाईंनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं. "मावशी, तुमच्या मुलाला खेळ फार चांगला समजतो हो." मला इतकं बरं वाटलं! मीच ते कधी बोलले नव्हते, परक्या बाईने बोलून दाखवलं. कागद टाईप करून तयार होता. शेजारी फाईल उघडी, कूपरेजचा फोटो, चिखलाने भरलेला, भुवईवर पट्टी. मी सातवी शिकलेय, सही येते मला. पेन घेतलं. विमल असं लिहिलं.

बाई म्हणाल्या, "सावकाश करा. याची एक कॉपी मी त्या कंपनीला पाठवणार आहे. तिथून शिक्का मारून आला की ट्रस्टी काही बोलू शकणार नाहीत."

"कंपनीला कशाला?"

"तिथेच खेळला ना तो? फॉर्मॅलिटी आहे, मावशी."

माझा हात थांबला. मी साहिलकडे बघितलं. त्याला कळलं होतं. त्याचा चेहराच उतरला. तो म्हणू शकला असता, राहू दे मॅडम, नको मला. मी वाट बघितली. तो नाही म्हणाला. आजवर प्रत्येक वेळी तो बाजूला झाला होता, ह्या वेळी झाला नाही. गप्प उभा राहिला आणि माझ्याकडे बघत राहिला. त्याला पाहिजे होतं ते काम. देवाशप्पथ सांगते, त्याला इतकं पाहिजे होतं.

मला मिनलचं पोट दिसलं. आमच्या ह्यांचा पंप दिसला. निकेतच्या हातात बेडी दिसली. आणि मी पेन खाली ठेवलं.

"बाई," मी म्हटलं, "घाईत नीट बघितलं नाही मी. फोटोतला हा साहिल नाही. हा माझा धाकटा, निकेत. दोघं दिसायला सारखे आहेत."

"अहो, आत्ता सही करत होता तुम्ही!"

"चुकले."

"मग साहिल? हा खेळायचा नाही?"

इथे तरी गप्प बसायचं ना मी? नाही. मला वाटलं, अर्धवट सोडलं तर बाई कंपनीत फोन करतील, धागा पुरता तोडला पाहिजे. "खेळायचा गल्लीत," मी म्हटलं. "सगळी पोरं खेळतात तसा."

बाईंनी फाईल मिटली. साहिलकडे वळल्या. "भावाचे फोटो आणून दाखवलेस मला? आणि तुझ्या हातात मी मुलं देणार होते?"

मी नखाने साडीची किनार खरवडत होते. वाटलं, आता हा ओरडेल. सगळं बोलून टाकेल, माझं पण, निकेतचं पण. बोलला असता तर त्याचा हक्क होता.

"चूक झाली, मॅडम," साहिल म्हणाला. "आई सांगते ते खरं आहे. भावाचेच फोटो आहेत." आणि फाईल उचलली.

गेटपर्यंत तो माझ्यापुढे चालत गेला. जिन्यावर कठड्याला धरून एकेक पायरी उतरला. बाहेर रिक्षा थांबवली, मला हाताला धरून आत बसवलं. मी म्हटलं, "साहिल, अरे, मी काय करू सांग ना." त्याने रिक्षावाल्याला नवघरचा पत्ता सांगितला. मग वाकून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "निकेतला यातलं काही सांगू नको. उगाच घाबरेल तो."

"तू बस ना. गुडघा दुखेल तुझा."

"ड्युटी आहे मला," म्हणाला, आणि फाईल काखेत मारून बेव्हर्ली पार्कच्या दिशेने चालायला लागला.

रिक्षावाला आरशातून बघत होता. "आंटी, चलें?"

मी म्हटलं, "चलो."